चुकून बराबर

“बराबर म्हंजे किती बराबर?” हा चाचांचा नेहमीचा प्रश्न. कोणी म्हटलं, बरोबर पाच वाजले, की चष्मा कपाळावर सरकवून ते हेच विचारायचे. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या बदनापूरला हे होते.

चाचा रेल्वेच्या सिग्नल दुरुस्तीतून निवृत्त झालेले, मी शाळेत विज्ञान शिकवणारा. दोघांकडे हौशी रेडिओचा, म्हणजे घरून रेडिओवर एकमेकांशी बोलण्याचा परवाना, म्हणून मैत्री. त्यांचा खरा नाद मात्र सूर मोजण्याचा. रेडिओतला आवाज संगणकात सोडायचा आणि तो सेकंदाला किती कंप पावतो, ते सॉफ्टवेअरमध्ये दशांशापर्यंत बघायचं.

एकदा त्यांनी कुकरची शिट्टी मोजली.

“सूर मोजला,” चाची आतून ओरडल्या, “पण शिट्ट्या किती झाल्या ते कोण मोजणार?”

वरण करपलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात रेडिओवरच्या मित्रांनी स्पर्धा ठेवली. पुण्याच्या आयोजकांनी भर दुपारी एक सूर सोडायचा, बाकीच्यांनी मोजून आकडा कळवायचा. चाचांचा आकडा दशांशासकट जुळला. पहिला नंबर! मी पेढे घेऊन गेलो, तर चाचा तोंड पाडून बसलेले.

“सर, घोळ झाला. पत्र्याखाली रेडिओ तापला, सूर दोन दशांश वर चढला. अन् संगणकाचं घड्याळ जल्दी पळून राह्यलं, त्यानं दोन दशांश कमी मोजला. दोन चुका एकमेकीत मिटल्या.”

“पण उत्तर बरोबर आलं ना?”

“चुकून बराबर आलं. ते बराबर न्हाई.”

त्यांनी लगेच रेडिओवरून सगळ्यांसमोर नंबर परत केला. आयोजक हसले. “चाचा, राहू द्या. कोणाला कळलं असतं?”

“मला कळलं ना.”

पेढ्याला त्यांनी हात लावला नाही. चाचींनी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी चाचा पत्र्यावर पोती अंथरून पाणी मारत होते. चाची म्हणाल्या, “तीस वर्षं ह्याच पत्र्याखाली राह्यले मी. मला कधी पोतं टाकलं न्हाई!” चाचा खरंच ओशाळले. संध्याकाळी स्वयंपाकघरावरही पोती पडली.

या हिवाळ्यात चाचा गेले. रविवारी सकाळी आम्ही सगळे रेडिओवर जमलो. एक मिनिट शांत राहायचं ठरलं. नुसती खरखर ऐकू येत होती. मग कोणीतरी हळूच “धन्यवाद” म्हणालं.

तेवढ्यात पुण्याचे आयोजक खाकरले.

“बावन्नच सेकंद झाले.”

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.