विमानाच्या टाकीतले पाणी

“काऊन भेऊन राहिली वं? तुह्या नवऱ्यानं वाईट करासाठी थोडीच केला!”

हापशीवर एक म्हातारी एका तरुण बाईला समजावत होती. माझी खाकी दिसताच म्हातारीने तोंड फिरवले. तरुण बाई अर्धीच भरलेली घागर उचलून चालती झाली. ती अर्धी घागर मी आजवर विसरलेले नाही.

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. आदल्या दिवशी एका खाजगी मालकाच्या छोट्या विमानाचे इंजिन गावावर आल्यावर बंद पडले. उन्हाळ्याने तलाव आटलेला. वैमानिकाने विमान त्या कोरड्या पात्रात उतरवले. धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत उतरवले असते, तर त्यांच्या मातीच्या धुऱ्यांना आपटून उलटलेच असते. त्याचा हात मोडला, जीव वाचला. गावकऱ्यांनी त्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेले.

पंचनाम्यात अभियंत्याने टाकीच्या तळातून नमुना काढला. बाटलीत वर पेट्रोल, खाली पाणी. या पाण्यानेच इंजिन बंद पडले म्हणत मालकाच्या व्यवस्थापकाने लगेच घातपाताची फिर्याद दिली. विमान जिथून उडाले, त्या धावपट्टीवर इंधन भरणाऱ्या माणसाला उचलून आणले. ठाणेदार साहेब फिरवून फिरवून विचारत होते. तो एकच सांगे, “साहब, भरने के बाद मैंने देखा था. पानी नहीं था.” रात्री अटक झाली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मी हापशीवर होते त्याच दिवशी, दुपारी कोर्टात नेऊन पोलीस कोठडी मागायची होती. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलली नव्हती.

मी तेव्हा नवीन उपनिरीक्षक होते. पुढे काही वर्षांतच नोकरी सोडली. शिक्षण इंग्रजी शाळेत, बोलणे कमी. हवालदार म्हणत, “मॅडम बोलल्या की पेढे वाटू!” मी हसून सोडून देई.

हापशीवरून मी तलावाकडे गेले. मधल्या डबक्यात थोडे पाणी उरले होते, त्यावर हिरवे शेवाळ. बाटलीतल्या पाण्यातही हिरवे तंतू मी पाहिले होते. धावपट्टीवर हे शेवाळ कुठून येणार?

चौकशी केली, तर हापशीवरच्या त्या तरुण बाईचा नवरा गावातला ट्रॅक्टरचालक निघाला. त्याच्या ओसरीत जाऊन बसले. विमानाजवळ काय केलेत, एवढा एकच प्रश्न विचारला आणि थांबले. धमकावले की माणूस खोटे रचतो. गप्प बसले की त्यालाच शांतता सहन होत नाही, हे मला माझ्या अबोल स्वभावामुळे ठाऊक होते. अखेर तोच बोलला.

“टॅक्टर तापला तं आमी पानी टाकतो, मॅडम. इमान बी तापूनच बंद पडला असन, पेटन म्हटलो. पंखावरचा झाकन उघडलो, डबक्यातलं बादलीभर पानी ओतलो. मंग पेट्रोलचा वास आला. तवापासून जेवन नाही गेला मले.”

“तुमच्यापायी एक माणूस आत आहे,” मी म्हणाले.

त्याने बायकोकडे पाहिले आणि चपला घातल्या.

पुढे तज्ज्ञांना इंजिनातच तुटलेला भाग सापडला. पण त्या दुपारी आमच्याकडे एवढाच जबाब होता. पुरावा काय आहे, इतकेच विचारून भागत नाही. तो तिथे कधी आला, हेही विचारावे लागते, एवढे मी त्या प्रकरणात शिकले.

ठाण्यात व्यवस्थापक टेबलावर हात आपटत होता. कोर्टाचे कागद तयार होते. ठाणेदार साहेब वैतागले होते. “काय मॅडम, आता कायले आल्या?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. ट्रॅक्टरचालक माझ्यामागे दारात उभा होता. मी टेबलाजवळ गेले.

“साहेब, पाणी विमान पाडायला घातलेले नाही. पडलेल्या विमानाला थंड करायला घातले आहे. आतल्या माणसाला सोडा.”