पुन्हा विचारलेला चहा

डब्लिनचा पाऊस डोळ्यांना दिसत नाही, पण घरी पोचेपर्यंत मोजेसुद्धा ओले होतात. आजही कॉलेजातून तशीच परतले, तर घरमालकीणबाई स्वयंपाकघरात किटली भरत होत्या.

"चहा घेणार?"

"नको," मी सवयीने म्हटलं.

आपल्याकडे पहिला 'नको' कुणी खरा धरतं का? इथे आल्यापासून मात्र माझा प्रत्येक 'नको' लोकांनी हसून, सभ्यपणे मान्य केला होता. त्या सभ्यपणानेच मी दमले होते. जिना चढू लागले.

"अर्धा कप तरी?"

"नको, खरंच."

"टाकलाय मी. ये गप."

मी पायरीवरच बसून ओले बूट काढले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकलं नव्हतं.