चुलतीच्या शेळ्या आणि माझी चौकट

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर ढकललं तर राग थंड होईल, आणि मला तो थंड होऊ द्यायचा नाहीये.

आमचं गाव पाथर्डीकडचं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी गेल्या पावसाळ्यात गायरानात चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली, एक मीटरची चौकट. प्रश्न एवढाच की एवढ्याशा जागेत इतक्या जाती एकत्र राहतातच कशा, एकच जात बाकीच्यांना दाबून का टाकत नाही. केना, कुर्डू, दगडीपाला, हराळी, कुसळी, अशा सोळा जाती मोजल्या, चिठ्ठ्या बांधल्या. आठवड्यानं गेले तर चिठ्ठ्यांसकट सगळं साफ. शेजारच्या चुलतीच्या शेळ्या.

मी तावातावानं तिच्या दारात गेले. ती धार काढत होती, वर बघितलंसुद्धा नाही.

"तुझा आब्यास त्यांनीबी केला म्हण की," म्हणाली. "चिठ्ठ्याबी वाचल्या."

दारात जमलेल्या गल्लीतल्या बाया हसल्या. मग महिनाभर मी गल्लीत 'शेळ्यांची मास्तरीण'. तेव्हाच ठरवलं, हिच्या शेळ्या गायरानातून बंद करायच्या. तिचं घर त्या सात शेळ्यांवर चालतं हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तिथं मारायचं होतं.

त्याच जागी नवी चौकट केली, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. शेजारी तेवढीच चौकट उघडी ठेवली. आत हिरवंगार, बाहेर खुरटं, असे दोन फोटो ग्रामसभेत दाखवायचे आणि चराईबंदी मागायची. अर्ज देऊनपण टाकला, मोजायच्या आधी. तिथंच फसले.

यंदा ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मोजायला गेले. कुंपणात कुसळीचं गवत कमरेएवढं, लांबून लई भारी दिसत होतं. काटे बाजूला करून वाकले तर खाली जवळपास काहीच नाही, ऊनच पोचत नव्हतं. पाच जाती, त्यातल्या दोन पिवळ्या पडलेल्या. बाहेरच्या चौकटीत सतरा. तीनदा मोजल्या. शेळ्या उंच गवताचे शेंडे खात होत्या, म्हणून बारक्यांना ऊन मिळत होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्या शेळ्या.

रागानं रडले मी तिथं. फोटो तर खोटे नव्हते. दाखवले असते तर गावातलं कोण काट्यात वाकून बघणार होतं? घरी येईपर्यंत डोक्यात हेच.

ग्रामसभेत माझा अर्ज वाचला. चुलती मागं बसलेली, तोंडाला पदर लावून, पहिल्यांदाच गप्प. हे बघायला मी वर्षभर थांबले होते. थोडा वेळ तिला तसंच बसू दिलं. मग उठून म्हणाले, अर्ज मागं घेते, तिथं शेळ्या चरतात म्हणूनच एवढ्या जाती टिकल्यात.

बाहेर पडताना ती म्हणते, "एवढं तर आमच्या बोकडालाबी ठावं हाय. त्याला वरीस घालवलंस व्हय गं?"

बायांचं परत तेच हसू. म्हणून आत्ताच प्रोजेक्टचं आभाराचं पान टाईप केलंय: सात शेळ्या आणि एका बोकडाचे मनापासून आभार. मालकिणीचा उल्लेख नाही. प्रिंट काढून तिच्या गोठ्याच्या दाराला लावणार, शेळ्यांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच.

तुमच्यासोबत झालंय का असं, सूड घ्यायला पुरावा गोळा केला आणि तो समोरच्याच्याच बाजूनं निघाला? मग तुम्ही काय केलंत?