गाण्यातली वाट

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला सोनुबाईची वाडी. लग्न असो की मयत, गायला तिलाच बोलावणं यायचं. अनोळखी माणूस पायवाटेवर दिसला की ती आधी विचारी, "जागा बघाया आलाव का?" खालचे माळ बंगल्यांसाठी एकेक करून गेले होते.

कर्जतच्या एका लहान संग्रहालयाने वाड्यांवरची गाणी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर जपायचं काम काढलं. ते हर्षला बघत होती. तिलाही सोनुबाईने तेच विचारलं.

"नाही मावशी, गाणी घ्यायला आलेय. तुमच्याकडे राहतीलच, आम्ही फक्त कॉपी नेणार."

नेली तरी जागची हलत नाही, ती कसली वस्तू? सोनुबाईला ते पटलं नाही. तरी लग्नाची, भातलावणीची गाणी तिने दिली. मयताचं मात्र नाही. त्यात मेलेल्याला वाट सांगतात, कुठला ओढा ओलांडायचा, कुठल्या खिंडीतून वर जायचं. समोर मयत नसताना ते वाजलं तर जिवंत माणूसच त्या वाटेला लागतं, असं तिची आई सांगायची.

हर्षलाने ते मान्य केलं.

पुढे रेकॉर्डिंग ऐकून होकार द्यायला सोनुबाई नि तिची जाऊ जना संग्रहालयात आल्या. एक लग्नाचं गाणं संपलं आणि मागोमाग सोनुबाईचाच दबका आवाज आला. वाडीवर रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी चहा होत असताना जनाचं मयताच्या गाण्यातलं कडवं चुकत होतं, ते तिने कानाशी लागून सांगितलं होतं. मशीन बंद करायचं राहिलं होतं.

"हे कुणी मागितलं व्हतं?" सोनुबाई उठून उभी राहिली.

हर्षला गोरीमोरी झाली. तिने समोरच ते पुसलं. "बघा मावशी, गेलं."

"कुठं गेलं?"

रोजच्या रेकॉर्डिंगची एक जादा कॉपी आपोआप पुण्याच्या एका कॉम्प्युटरवर जायची. ती सोय हर्षलानेच केली होती. तिने ते लपवलं नाही. "तिथलंही पुसायला लावते."

"पुसलं हे मला कोण दावंल?"

पुण्याहून पुसल्याचा निरोप आला, तो सांगायला हर्षला वाडीवर गेली. सोनुबाईने पाणी दिलं, ऐकून घेतलं, विश्वास ठेवला नाही. पावसाळ्यात जना तापाने फणफणली, तेव्हा तर सोनुबाईची खात्रीच झाली, की पुण्यात कुणीतरी ते वाजवलं. जना बरी झाली. मग गाणाऱ्या बायांना घेऊन सोनुबाई बसली आणि तिने गाण्यातली वाटच बदलली.

दिवाळीनंतर तिचा थोरला दीर पोशा म्हातारपणाने गेला. हर्षला भेटायला आली, तेव्हा मयताचं गाणं चालू होतं. गाण्यात ना ओढा होता, ना खिंड. पोशाला पठारावरून, आंब्याखालून पाठवलं होतं. हर्षलाने हलकेच कारण विचारलं.

"तुमच्याकडं हाय ती वाट आमी मोडली. आता कितीबी वाजवा, तिकडनं आमचं माणूस जात नाय."

"आणि आधी गेलेले? ते कसे भेटणार यांना?"

सोनुबाई म्हणाली, "त्याचाच घोर हाय गं. पोशाची बायको जुन्या वाटेनं गेली. त्याला सांगितलंय, तिला हाका मारत जा."

मग तिची नजर हर्षलाच्या पर्सकडे गेली. "त्यातला फोन बंद हाय ना?"

हर्षलाने तो काढून दाखवला.