पाल्याबायचं पान

पाल्याबाय झाडांना आवतण द्यायची. लग्नाचं देतात तसं, समोर उभं राहून. औषधासाठी आघाडा हवा असला की आदल्या दिवशी दुपारी ती शेताच्या बांधावर जायची, मुळाशी चार तांदूळ ठेवायची आणि म्हणायची, "उंद्या सकालचे येतंय, तयारीत राव." दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जाऊन लागेल तेवढंच खुडून आणायची. न सांगता तोडलेलं झाड औषध देत नाही, नुसता पाला देतं, असं तिचं म्हणणं. मी साताऱ्याकडची, मॅट्रिक झालेली. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसले. तिने ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुमचे घाटावर पावन्याला न सांगता उचलून आनतान काय गो?"

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. माझे यजमान ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले होते. नव्या शहरातल्या फ्लॅटसाठी अर्ज केला होता, पण तो मिळेपर्यंत आम्ही तळवली गावात नानींच्या घरी एक खोली भाड्याने घेतली. नानी म्हणजे आमच्या घरमालकीण. घरात त्या, त्यांचा मुलगा, सून सुमन आणि ओटीवर सदानकदा वाळत पडलेली सुकट. समोरचं निवडुंगाच्या कुंपणाचं घर पाल्याबायचं. तिचं खरं नाव मला चार वर्षांत कळलं नाही, आणि विचारायचं सुचलंही नाही. गाव पाल्याबाय म्हणायचं, मीही म्हणायची. ती मला घाटीण म्हणायची, म्हणजे तिच्या तोंडी 'घाटीन'; त्या बोलीत ण चा न, ळ चा ल आणि ड चा र व्हायचा. सुरुवातीला ते मला झोंबायचं. पुढे तिने एकदा मला नावाने हाक मारली तर काही चुकलं का म्हणून मी घाबरले.

तिच्याकडे प्रत्येक दुखण्याला झाड होतं आणि प्रत्येक झाडाला एक अट होती. बाळंतीण अडली की आघाड्याचं मूळ तिच्या केसांत बांधायचं आणि पोर बाहेर आलं की लगेच सोडायचं. "र्‍हायला तं आतरी पन बाहेर येतील," ती गंभीरपणे सांगायची. तान्ह्याचं पोट फुगलं तर रुईचं पान तव्यावर गरम करून बांधायचं, पण पान आणणाऱ्याने वाटेत कुणाशी बोलायचं नाही. दारावर निवडुंगाचा तुकडा उलटा टांगायचा. तो पाण्यावाचून हिरवा राहिला तर घर सुखरूप, वाळला तर कुणीतरी काहीतरी केलंय. आमचे यजमान या सगळ्याला थोतांड म्हणायचे. एकदा कारखान्यात पिंप उचलताना त्यांची कंबर धरली, तेव्हा तीन दिवस निरगुडीच्या पाल्याचा शेक निमूटपणे घेतला. चौथ्या दिवशी उठून पुन्हा थोतांड म्हणाले. पाल्याबाय म्हणाली, "बोलू दे. कंबर सुटली तवा तोंर पन सुटला."

गावात कुणाचं काही बिनसलं की नजर कुणाची लागली ते पाहायलाही तिलाच बोलवायचे. त्याची तिची रीत अशी. काशाच्या ताटात पाणी घ्यायचं. घरात ज्यांची ऊठबस आहे त्या बायका भोवती बसायच्या. प्रत्येकीच्या नावाने करंजाचं एक पान पाण्यावर सोडायचं आणि त्यावर मिठाचा एक खडा ठेवायचा. मिठागरांचं गाव, खडे मोठमोठे. ज्या पानाने आधी तळ गाठला तिची नजर. शेवटचं पान ती न चुकता स्वतःच्या नावाने सोडायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "बगनारी पन बाईच ना? तिला काय डोले नसतान?"

आता माझी चूक सांगते. सुमनला मुलगा झाला. गुटगुटीत, डोक्यावर काळंभोर जावळ. लग्नाला पाच वर्षं होऊन माझी ओटी रिकामी होती, आणि पुढेही ती भरली नाही, तेव्हा त्या पोराला पाहिलं की मला राहवायचं नाही. त्या गावात तान्ह्याला कुणी चांगलं म्हणत नाहीत. काला हाय, वंगाल हाय, असं म्हणून कडेवर घेतात. मी आपली रोज सकाळी पाळण्यात डोकावून, "किती गोड दिसतंय गं, कसं लोण्यासारखं आहे," असं मोठ्याने म्हणायची. सुमन पोराला कुशीत घ्यायची, नानी विषय बदलायच्या. मला वाटायचं, लाजतात.

पोर चार महिन्यांचं असताना आजारी पडलं. उलट्या, जुलाब, रडायलाही ताकद उरेना. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून नानींनी पाण्याची कळशी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "वांझेचे डोले लय वाईट." यजमान कामावर होते. खोलीला कडी लावून मी भिंतीला टेकून बसले. खोली जाईल याची मला भीती नव्हती. एकदा त्या गावाने नाव ठेवलं की नव्या शहरात जाईन तिथे ते माझ्या आधी पोचणार होतं, कारण त्या पट्ट्यातली सगळी गावं एकमेकांची सोयरी. आणि खरं सांगायचं तर त्याहून वाईट असं की मला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

दुपारी पाल्याबाय आली आणि मला बोलावणं आलं. ताटाभोवती आम्ही बसलो: नानी, त्यांच्या शेजारी मी, मग सुमन, ती शेजारची बाई आणि स्वतः पाल्याबाय. माझं पान मी नीट पाहून ठेवलं होतं. त्याचं टोक किड्याने खाल्लेलं होतं. खडे ठेवून झाले. पानं पाण्यावर फिरली, एकमेकांत मिसळली, आणि किडकं पान कलंडून तळाला गेलं.

पाल्याबायने पाण्यात हात घालून ते पान उचललं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "माजा हाय."

कुणी विचारायच्या आत तिने सांगून टाकलं, "सोमवारी मी इथं आलती तवा ह्या पोराची बाटली बगून बोलली, काय नवलाची वस्तू हाय. तवाच लागली." सुमनच्या नवऱ्याने ठाण्याहून दुधाची बाटली आणि पावडरीचा डबा आणला होता. गावात पहिलीच बाटली, सगळ्यांना तिचा अभिमान. पाल्याबायने ती मागवून घेतली, रबराचं बोंडूक हुंगलं आणि नाक मुरडलं. "बाटली खारीत नेऊन पुरा. पोराला आयसचाच दूध पाजा. नी आत्ताचे एस्टीने ठान्याचे डागदराकरं न्या."

"डागदर कला? तू उतरव ना," नानी म्हणाल्या. कला म्हणजे कशाला.

"जुनी नजर पाल्याने उतरते. ही बाटलीची नवी नजर, हिचा उतारा डागदराकरंच र्‍हातं."

डॉक्टरांनी सलाईन लावलं. पाचव्या दिवशी पोर घरी आलं आणि दहाव्या दिवशी पाळण्यात लाथा झाडू लागलं. मला पुन्हा कळशीला हात लावता आला. पाल्याबायचं मात्र निम्मं काम त्या दिवशी सुटलं. जिच्या हातांवर गावातली निम्मी पोरं जन्मली, तिला बारशाचं बोलावणं बंद झालं. ती वाटेने निघाली की लेकुरवाळ्या बायका पोरावर पदर ओढायच्या. गुटी मागायला कुणी येईना. मोडलेली हाडं आणि मुरगळलेले पाय तेवढे तिच्या वाट्याला उरले.

मी तिच्याकडे गेले आणि विचारलं, असं का केलंस? ती निवडून ठेवलेला पाला सुपात पसरत होती. म्हणाली, "तुला टाकली असती तं सरल घाटावर जाऊन परली असतीस. मना टाकून टाकून कुठं टाकतील? तलवलीतच परन ना मी." मग पाल्यातली एक काडी वेचून टाकत म्हणाली, "पोरांचे जाग्रनाने कंबर मोरलेली माजी. बरा झाला." ते खोटं होतं. बाहेर पोरांचा आवाज आला की तिचे हात सुपावर थांबायचे.

आणि मी? मी गप्प राहिले. तीन वर्षं. भित्री होते, दुसरं काय. तिच्या घरी भाकरी द्यायची, पाणी भरायची, पण ज्या एका वाक्याने तिचं सगळं परत मिळालं असतं ते वाक्य माझ्याच्याने बोलवलं नाही.

मग वाशीचा फ्लॅट मिळाला. सामान टेम्पोत चढत असताना मी नानींना स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "नानी, ते पान माझं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

नानी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मना म्हाईत हाय. तुजे बाजूलाच मी बसलेली."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"तिने तुला झाकली, मंग मी कला उघरी करू?"

"पण तिच्याजवळ पोराला तीन वर्षं जाऊ दिलं नाहीत."

त्यांचे हात थांबले. "सगल्या गावाने आयकलेला. मी एकटीने कसा मोरायचा?" असं म्हणाल्या, पण सूप खाली ठेवलं. अंगणात नातू टेम्पोच्या चाकाला हात लावत उभा होता, साडेतीन वर्षांचा, धट्टाकट्टा. त्याचं मनगट धरून नानी भर दुपारी, शेजारणी ओटीवर बसलेल्या असताना, समोरच्या घराकडे चालू लागल्या. मीही मागोमाग गेले.

त्या गावात आणि या शहरात पुढे मला जी काही माणसं मिळाली, दारातून मोकळेपणाने आत घेणारी, पोरं माझ्या मांडीवर सोडून बाजारात जाणारी, ती सगळी मी पाल्याबायची देणगी समजते. ती गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. पण मला ती आठवते ती त्या दुपारची. नानींनी नातवाला उचलून थेट तिच्या मांडीत ठेवलं आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाल्याबाय, याचा पोट दुखतंय. जरा बग."

पोराचं पोट दुखत नव्हतं, हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. पाल्याबायने त्याचा सदरा वर केला, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि त्याच्या पोटावर ठेवले. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी तिचं तपासून झालं नव्हतं.