सांगलीत वांगी काय भावानं?

तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो. सातारा सोडून सांगलीला जाताना मी असा काही घोळ घातला, की अजून त्या गल्लीतून मान खाली घालून जातो!

झालं काय, माझी बदली झाली. नोकरी सरकारी, पगार बरा. पण स्वभाव हिशेबी. सांगली साताऱ्यापेक्षा महाग की स्वस्त, याचा छडा लागल्याशिवाय मला चैन पडेना. घर ठरलं होतं, घरमालकीण काकू वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. मग काय, रोज काकूंना फोन!

"काकू, तिकडं दूध काय भावानं?"

दुसऱ्या दिवशी वांगी. मग दळण, रिक्षा, गॅस. एकदा तर विचारलं, "काकू, एका लिटर दुधात तिघांचं भागेल का हो?"

पलीकडून हळूच आवाज आला, "भागंल की बाळा. न्हाई भागलं तर आमच्यातनं न्हे."

किती प्रेमळ बाई! बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आता पुरे करा ते फोन."

ऐकलं असतं तर! पण मी आणखी एक केलाच. "काकू, थंडी साताऱ्याइतकी नसते ना तिकडं? म्हणजे नवी पांघरुणं घ्यायला नकोत."

सामान घेऊन सांगलीत पोचलो, तर दारात अख्खी गल्ली! कुणाच्या हातात तांदूळ, कुणाकडं चटणीची बरणी, कुणी भाकरीची चवड घेऊन उभं. ओसरीवर ज्वारीचं पोतं, त्यावर घडी घातलेल्या वाकळा. काकूंनी माझ्या लेकीला उचलून घेतलं आणि डोळ्याला पदर लावला. "आगं, किती वाळलीस!"

माझी लेक चांगली गुटगुटीत आहे हो!

तेवढ्यात ट्रक उघडला. दोन दारांचा फ्रिज, वॉशिंग मशीन, भिंतीएवढा टीव्ही... एकेक वस्तू उतरत होती आणि मी जमिनीत गाडला जात होतो. गल्ली टाचा उंचावून बघत होती.

काकू शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हप्त्यावर घेतलंय समदं. म्हणून तर बिचाऱ्यांवर ही पाळी आली!"

मग आम्हाला बसवून त्यांनी पिठलं-भाकरी वाढली. इतक्या मायेनं, की मी ताटातून नजर वर काढली नाही. शेवटी बायकोनंच सांगून टाकलं, "काकू, आमचं चांगलं चाललंय. पगारही वेळेवर येतो. यांना नुसती भाव विचारायची सवय आहे."

काकूंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. म्हटलं, आता ताट ओढून घेतात की काय!

त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. "म्हंजे पैसा असून माणूस असा हाय? मग तर तुजी लय काळजी वाटती गं पोरी! ऱ्हाऊ दे ती ज्वारी. तुला लागंल."