बोय मासळीची सुई

बुरुल्लुस तळ्याकाठच्या आमच्या मत्स्यबीज केंद्रात बोय मासळीला सुई टोचावी ती इन्शिराहनेच. आम्ही टोचली की मासळी उसळी मारते; तिच्या हातात निजल्यासारखी पडून राहते. औषध गरोदर बायांच्या लघवीतून काढलेलं. ते दिलं की दोन दिवसांत लाखो अंडी.

ती बाटली पहिल्यांदा हातात आली तेव्हा इन्शिराह एवढंच म्हणाली, "ही ओळखीची आहे." अलेक्झांड्रियाच्या दवाखान्यात तिला हेच औषध तीनदा टोचलं होतं. तीनदा कूस रिकामीच राहिली. नवऱ्याने तंटा शहरात दुसरा संसार थाटला. हे कळलं त्या दिवशीही ती कामावर आली, बुक्कीने कांदा फोडून भाकरीबरोबर खाल्ला. माझंच डोकं फिरलं.

"अगं, रड तरी!"

"कशाला? टाक्यांत खारं पाणी पुष्कळ आहे."

काल कॉलेजच्या पोरी केंद्र बघायला आल्या होत्या. आमचे वगीह इंजिनिअर रंगात आले. "मासा आणि माणूस एकाच पूर्वजाची लेकरं! वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, पण अंगातलं कुलूप तेच राहिलं. म्हणून तर बाईची किल्ली मासळीला लागते."

एका पोरीने इन्शिराहला विचारलं, "मावशी, मग बायकांना तर लागतच असेल ना?"

इन्शिराहने टोचलेली मासळी अलगद टाकीत सोडली.

"मासळीला लागते," ती म्हणाली, आणि पुढची घ्यायला माझ्याकडे हात केला.